तुकाच्या जीपमधली इंग्रजी

खोडाळ्याहून मोखाड्याला जाणारी तुकाची जीप गच्च भरल्याशिवाय हलत नाही. मी रोज शिवणकामाला मोखाड्याला जाते, त्यामुळे ती भरायची वाट बघणं माझ्या कपाळी लिहिलेलंच. पूर्वी तो गाणी तरी लावायचा. गेल्या वर्षी त्यानं पेनड्राइव्हवर इंग्रजीचे धडे भरून आणले आणि आमच्या कानांवर संक्रांत आली.

कारण होती त्याची पोरगी रविना. नर्सिंगच्या मुलाखतीला ती ठाण्याला गेली, इंग्रजीत प्रश्न आला आणि तिची दातखीळच बसली. तशीच उठून घरी आली. आता एकदाच पुन्हा बसता येणार होतं. याही वेळी गप्प राहिली तर आईबरोबर वीटभट्टीवर जायचं, हे घरात ठरलेलं.

म्हणून ती रोज बापाशेजारी पुढच्या सीटवर बसून मोखाड्यापर्यंत यायची आणि तशीच परत जायची. पावसाळ्यात धुक्यानं घाट दिसत नसे. काचेबाहेर नुसता पिंजलेला कापूस, आत अर्धवट झोपेतली माणसं, आणि स्पीकरमधली बाई सांगायची, पीस ऑफ केक म्हणजे डाव्या हाताचा मळ. रविना म्हणायची, मागून आम्ही म्हणायचो. वाटेत कुणी हात दाखवला की तुका ओरडायचा, "आत सरका, आत सरका!" की पुन्हा धडा सुरू. भाजीची पाटी घेऊन बसलेली चैती डोळे मिटूनच रविनाची चूक काढायची, "ही डोन्ट नो नाय गं, ही डझन्ट नो!" मला तर कधी कधी खरंच वाटायचं, जीप रस्ता सोडून भलत्याच देशात निघाली आहे. उतरल्यावर मात्र मोखाड्याचाच चिखल.

मुलाखत देऊन रविना ठाण्याच्या एसटीतून मोखाड्याला उतरली, तेव्हा आम्ही परतीच्या जीपमध्येच बसलो होतो. जीप भरली होती, तरी तुका हलेना. पोरीच्या तोंडाकडे बघायची त्याची छाती होईना. शेवटी चैतीनंच विचारलं, "बोललीस का नाय?"

"आधी नाय," रविना म्हणाली. "तोंडच उघडंना. मंग डोळं मिटलं. म्हटलं, आपण जीपमंदीच हाय. तर आलं सगळं. माझा पाडा, माझा बाप, नर्स कशाला व्हायचं, सगळं इंग्लिशमंदी. आन् मधीच तोंडातून गेलं, आत सरका, आत सरका!"

"अगं बाई!" मी कपाळावर हात मारला.

"डोळं उघडलं तर दोन्ही मॅडम खुर्च्या सरकवून बसलेल्या. मंग त्या हसल्या, मीबी हसली. मंग कसली भीती?"

सगळी जीप हसली, तुका तेवढा हसला नाही. घाटभर नाक ओढत राहिला. विचारलं तर म्हणे सर्दी झाली.

रविनाची निवड झाली. ती जायला निघाली त्या सकाळीही धुकं होतं. तिनं पत्र्याची पेटी पुढच्या सीटवर ठेवली आणि मागच्या दाराशी येऊन म्हणाली, "आज मला तुमच्यात बसायचंय." मागं मुंगीला शिरायला जागा नव्हती. तुकानं नेहमीसारखं ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. पोरीची दातखीळ आता बापाला बसली होती. मला त्याच्याकडे बघवेना. चैतीनं शेजारची पाटी उचलून मांडीवर घेतली, आणि कुणी न सांगता आम्ही सगळे आत सरकलो.