मिलिमीटरकाकांचं कपाट

आता ती स्वतःच हे सांगते, आणि सांगता सांगता हसत सुटते. जिने आणि कठडे यांची ड्रॉइंगं करणाऱ्या त्या छोट्याशा ऑफिसात इंजिनिअर म्हणून तिचा पहिला दिवस. आत पाऊल टाकलं तर एक वयस्कर गृहस्थ स्टुलावर चढलेले, हातात स्क्रूड्रायव्हर, मान पार पंख्यात गेलेली. बाईसाहेबांनी काय करावं? "तुमचं झालं की माझा ड्रॉवर पण बघा हं, अडकतोय," असं फर्मान सोडून दिलं. गृहस्थ मुकाट उतरले, ड्रॉवर बाहेर काढला, पट्टी लावली, "दोन मिलिमीटर फुगलाय" म्हणाले आणि पॉलिशपेपरने घासून बसवूनही दिला. जेवणाच्या सुट्टीत तिला कळलं की हे इथले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन, साहेबसुद्धा यांच्याशी जपून बोलतात. समोरचे गृहस्थ आपला डबा पुसून घेत एवढंच म्हणाले, "ड्रॉवर नीट चालतोय ना?"

सगळं ऑफिस त्यांना मिलिमीटरकाका म्हणायचं, आणि तेही या नावाला ओ द्यायचे. घरीसुद्धा तीच तऱ्हा. काकू एकदा ऑफिसात आल्या होत्या, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं की लग्नानंतरचं पहिलं भांडण भिंतीवरच्या घड्याळावरून झालं. यांचं म्हणणं, ते तीन मिलिमीटर डावीकडे आहे. घड्याळ अजून तिथेच आहे, कारण काकूही काही कमी नाहीत.

तर या काकांचं एक कपाट होतं. लाकडाचं नाही हो, कॉम्प्युटरमधलं. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला कुणीतरी कधीकाळी जोडून दिलेलं एक जादाचं टूल. पडद्याच्या डाव्या बाजूला पट्टी उघडायची, तीत प्रत्येक ड्रॉइंगचं छोटं चित्र आणि चित्राखाली शेरा लिहायला जागा. काकांनी त्यात पंधरा वर्षांचा संसार मांडला होता. 'डॉक्टर तयार, बायको नाही.' 'कठडा सुंदर, पण आजींचा हात पोचत नाही.' 'हा पाठवू नये, मीच चुकलो.' सगळी अक्कल शेऱ्यात, म्हणून फायलींची नावं म्हणजे नुसते आकडे. चारशे एकवीस, चारशे बावीस, असं पुढे.

तिने पहिल्याच आठवड्यात नाक खुपसलं होतं. फायलीला धड नाव द्या काका, उद्या काही झालं तर कुणाला काय समजणार? काकांनी तिच्या पडद्याकडे बोट केलं. तिथे 'अंतिम', 'अंतिम नवा', 'अंतिम खरा' आणि 'आता नक्की अंतिम' अशा चार फायली गुण्यागोविंदाने नांदत होत्या. बाईसाहेबांनी घाईघाईने ती यादी बंद केली, पण मनातून काही हरल्या नव्हत्या.

आणि मग एका सोमवारी कॉम्प्युटरवाला आला आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकून गेला. मंगळवारी सकाळी काकांनी चष्मा पुसून कपाट उघडायला हात नेला, तर पट्टीच नाही. पुन्हा चष्मा पुसला. कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, ते टूल नव्या आवृत्तीत चालत नाही, बनवणाऱ्यांनीच बंद केलंय, म्हणून मी काढून टाकलं. कुणी वापरत नव्हतं ते.

"मी वापरत होतो," काका म्हणाले.

एवढंच. आवाजही चढवला नाही. तिला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुखणं नुसतं पुसल्या गेलेल्या शेऱ्यांचं नव्हतं. त्या दिवशी बारा वाजता वर्कशॉपमध्ये एका हॉस्पिटलच्या जिन्याचं लोखंड कापायला घ्यायचं होतं, आणि ड्रॉइंग इथून जायचं होतं. त्या जिन्याच्या फायली होत्या चौदा. हॉस्पिटलवाल्यांनी पायरीची उंची तीनदा बदलली होती, त्यातली कुठली मंजूर, ते कपाटात लिहिलेलं. तारखेवरून शोधावं म्हटलं तर कॉम्प्युटरवाल्याने सगळ्या फायली नव्या आवृत्तीत बदलून ठेवलेल्या, त्यामुळे सगळ्यांवर कालचीच तारीख. हॉस्पिटलचे बांधकाम बघणारे गृहस्थ प्रवासात, फोन बंद. चुकीचं ड्रॉइंग गेलं असतं तर रोज शेकडो आजारी माणसं ज्यावरून चढणार, तो जिना एका पायरीला ठेच लावणारा झाला असता.

साहेब दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, काका, नसेल सापडत तर वर्कशॉपला आजचा दिवस थांबा म्हणून सांगतो. चांगल्या मनाने म्हणाले, पण काकांचा चेहरा असा उतरला की बघवेना. इतक्या वर्षांत त्यांच्यामुळे कुणी थांबलं नव्हतं. साहेब गेल्यावर ते हळूच म्हणाले की घड्याळ सरळ करायला आता घरीच बसावं म्हणतो.

'मी सांगितलं होतं ना' हे वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. ते तिने गिळलं, आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.

काका एकेक फाइल उघडत होते. पण गंमत अशी की ते पायऱ्यांकडे बघतच नव्हते. फाइल उघडली की सरळ खालच्या कोपऱ्यात जायचे, चित्र मोठं करायचे, मान हलवायचे आणि बंद. त्या कोपऱ्यात काय, तर उंचीचा अंदाज यावा म्हणून जिन्याशेजारी उभा केलेला माणूस. सगळेच ड्राफ्ट्समन असा एक माणूस काढतात, पण त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

"काका, त्या माणसात काय शोधताय?"

काकांनी आधी साहेबांचं दार बंद आहे ना ते पाहिलं. मग लाल झालेली कानाची पाळी चोळत म्हणाले, "छत्री."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नवं ड्रॉइंग असलं की काकांचा माणूस रिकाम्या हाताने उभा. साहेबांनी होकार दिला की त्याच्या हातात मिटलेली छत्री यायची. गिऱ्हाइकाने मंजूर केलं की छत्री उघडायची. आता वरून काहीही पडलं तरी भीती नाही, असा त्यांचा हिशेब. कपाट यायच्या आधीपासूनची सवय, नंतर सुटलीच नाही. पण हे बोलायचं कसं? साठीला टेकलेला माणूस ऑफिसच्या वेळात छत्र्या काढतो, हे साहेबांना कळलं तर काय म्हणतील?

तिला हसू फुटत होतं, पण तिने दाबलं. "द्या इकडे निम्म्या," म्हणाली.

सात तिने घेतल्या, सात त्यांनी, आधी पाहिलेल्या धरून. रिकामे हात, रिकामे हात, मिटलेली, पुन्हा रिकामे. तिच्या पाचव्या फायलीत जिन्याच्या पायथ्याशी अंगठ्याएवढा माणूस ऐटीत उभा होता, डोक्यावर छत्री पसरलेली, तीही पट्ट्यापट्ट्यांची. काकांनी चष्मा वर केला आणि छत्रीचे पट्टे मोजून खात्री करून घेतली. उरलेल्याही तपासल्या. उघडी छत्री एकच.

बाराला दहा कमी असताना ड्रॉइंग गेलं. पाचच मिनिटांत वर्कशॉपच्या फोरमनचा फोन. तिने स्पीकर लावला आणि नेमके तेव्हाच साहेब दार उघडून बाहेर आले. फोरमन म्हणाला, "मिळालं. छत्री उघडी आहे, कापायला घेतो."

साहेबांनी विचारलं, कसली छत्री? फोरमनला वाटलं साहेब चेष्टा करतायत. अहो, काकांची छत्री, तो म्हणाला, आम्ही इथे ती बघितल्याशिवाय मशीन चालूच करत नाही. मिटलेली आली असती तर परत पाठवली असती.

काकांना वाटत होतं आपलं गुपित फक्त आपल्याला ठाऊक आहे, आणि तिकडे सगळं वर्कशॉप त्याच्या भरवशावर लोखंड कापत होतं. साहेब हसले, मग थांबून म्हणाले की सगळ्या ड्रॉइंगांची एक नवी यादी करा, दोघांनी बसून. आणि घड्याळ वगैरे नंतर सरळ करा, काका. दाराआडून ऐकलं होतं वाटतं.

दुपारी यादी करायला बसले आणि चौथ्याच रकान्यावर जुंपली. फाइलचं नाव, तारीख, शेरा, इथपर्यंत ठीक. मंजूर झालं की नाही त्याच्या रकान्यावर तिने लिहिलं 'मंजुरी'. काका म्हणाले, 'छत्री' लिही.

"अहो काका, नव्या माणसाला काय कळणार?"

"विचारेल की. तुझं 'अंतिम' सगळ्यांना कळतं, म्हणून तर तुझ्याकडे चार आहेत."

तिने तह करायचा म्हणून 'मंजुरी म्हणजे छत्री' असं टाइप केलं. काकांनी खिशातून पट्टी काढली, पडद्याला लावली आणि मान हलवली.

"बसत नाही गं. दोन मिलिमीटर कमी पडतात."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, आपल्या ड्रॉवरकडे पाहिलं. मग सगळं पुसलं आणि रकान्यावर 'छत्री' लिहिलं.