सेट-टॉप बॉक्सवरच्या बिया

कवळीकाका गेली सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे दात करतात आणि स्वतःचे क्वचितच दाखवतात. दंतवैद्याकडून तोंडाचा साचा येतो, काका मेणात एकेक दात बसवतात, आणि कुणीतरी अनोळखी माणूस पुन्हा कणीस खाऊ लागतो. आभार दंतवैद्याला मिळतात. काकांच्या हातची एकच कवळी त्यांच्या रोजच्या पाहण्यातली, ती सासूबाईंची. ती खाली डावीकडे टोचते, असं सासूबाई नऊ वर्षं न चुकता सांगत आल्या आहेत, आणि मापात काही चूक नाही, असं काकाही तितक्याच नेमाने.

कामाच्या टेबलासमोर खिडकी, खिडकीबाहेर एक पाम. काकांना हे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी तो लावला होता. या डोंगरातल्या गावात हिवाळ्यात नळातलं पाणी गोठायचं, तेव्हाही हा गडी पानांवर बर्फ घेऊन उभा. उस्ताद गेले, पाम राहिला. मग जागेच्या मालकाला गाड्या लावायला जागा हवी झाली आणि एका सकाळी खिडकीत नुसता उजेड होता. काकांनी तोडलेल्या बुंध्याभोवती शोधून अकरा फळं उचलली. उस्तादांचं मागे राहिलेलं तेवढंच.

वरचा गर त्यांनी टूथब्रशने घासून काढला, बिया तीन दिवस भिजत घातल्या. दोन तरंगल्या, त्या टाकल्या. उरलेल्या नऊ ओल्या काथ्याच्या भुशात घालून पिशवी बंद केली. झाड थंडी सोसतं, बी सोसत नाही, असं पुस्तकात लिहिलं होतं. तिला कायम ऊब हवी, ओल हवी, आणि तीन-तीन महिने ती काय करते आहे हे कुणी विचारायचं नाही. थोडक्यात, तिचा मान जावयाचा.

घरात दिवसभर गरम राहणारी जागा एकच, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स. पिशवी त्यावर गेली. पंचाईत अशी की, टीव्ही सतत चालू असतो म्हणून सासूबाईंना टोमणे मारणारे काकाच. त्यांना घसा खाकरून सांगावं लागलं की, दुपारच्या मालिकाही बघत चला. सासूबाईंनी चष्म्यावरून त्यांना नीट न्याहाळलं आणि एवढा त्रास आपण सोसू, असं कबूल केलं.

सत्तर दिवस झाले. बुरशी आली, काकांनी बिया धुतल्या. रोज पिशवी उजेडाला धरायची, परत ठेवायची. लेकीच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात तुम्ही इतक्या खेपा घातल्या नव्हत्या, असं बायको म्हणाली. ते खरं असल्यामुळे काकांनी पिशवी पुन्हा एकदा उजेडाला धरली.

एका संध्याकाळी ते घरी आले तर टीव्हीखाली नवा, चपटा बॉक्स. हात लावून पाहिलं तर थंडगार. पिशवी नव्हती. दुपारी केबलवाला जुना बॉक्स बदलून गेला होता. बायको ऑफिसातून नुकतीच आलेली, तिला काही ठाऊक नव्हतं. काकांनी स्वयंपाकघरात बसकण मारून कचऱ्याचा डबा उपसला. चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, तळाशी वर्तमानपत्र. बिया नाहीत. 

आतल्या खोलीतून हाक आली.

"जावईबापू, कचऱ्यात काय हरवलंय?"

सासूबाई पलंगावर गुडघे शेकत बसल्या होत्या. त्यांनी शाल बाजूला केली. शेकायच्या पिशवीवर टॉवेलची घडी, घडीवर काकांच्या बिया. नवं खोकं मेल्यासारखं थंड आहे हे त्यांना केबलवाला जिना उतरायच्या आत कळलं होतं.

"बघा," त्या म्हणाल्या. "दात आलाय."

एका बीच्या पोटातून तांदळाएवढं पांढरं टोक बाहेर डोकावत होतं. काका पलंगाच्या कडेवर टेकले. सव्वीस वर्षांत आपण न बनवलेला असा दात त्यांनी पहिल्यांदाच इतक्या बारकाईने पाहिला.

"हा तरी टोचत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आई, द्या ती कवळी," काका म्हणाले. "टोचते तिथे आत्ता घासून देतो."

सासूबाईंनी ती काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यानंतर त्या बरंच काही बोलल्या, त्यातलं अक्षर कळलं नाही. ते कौतुकच असणार, असं काकांनी धरून चालायचं ठरवलं.