चौसष्ट टक्के

लाँड्रीत तिला सगळे पहिलवान म्हणत. पाच किलोची इस्त्री ती दिवसभर अशी फिरवायची, की बघणाऱ्याला ती पुठ्ठ्याची वाटावी. कपडे जळाले म्हणून खोटं भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाला ती एका दमात पिटाळून लावायची. आणि हीच पहिलवान संध्याकाळी घरी जाऊन एका काटकुळ्या कारकुनाच्या हातचा मार खायची. ऑफिसात नवऱ्याची ख्याती गरीब गाय अशी. गाय कसली! उंबरठा ओलांडला की शिंगं बाहेर.

मारायला त्याला कारण लागायचं, आणि गेलं वर्षभर ते कारण होतं लॅपटॉपची बॅटरी. बायको त्याच्याआधी घरी यायची, तेवढ्या वेळात ती लॅपटॉपवर कुणाशी तरी बोलते, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. सकाळी निघताना तो बॅटरीचा आकडा बघायचा, झाकण मिटायचा आणि जायचा. पासवर्ड नव्हताच. सापळ्याला कुलूप कोण लावतं? परत आला, की चपला काढायच्या आधी झाकण उघडायचा.

"सकाळी अठ्ठ्याहत्तर होते, आता एकसष्ट. मधले कुणी खाल्ले?"

"मी हातसुद्धा लावला नाही हो. आईशपथ."

"मग काय भुताने लावला?"

पहिली कानाखाली. मग केस धरून भिंतीवर. एकदा त्याने चार्जरच्या वायरने तिची पाठ फोडली. दुसऱ्या दिवशी घामाने वळ चुरचुरत होते, तरी तिने गठ्ठ्यांमागून गठ्ठे इस्त्री केले. शेजारच्या खोलीतली सासू अशा वेळी टीव्हीचा आवाज वाढवायची. तेवढीच तिची मदत.

बाजारापलीकडे राहणारी तिची ताई म्हणायची, "सोड त्याला. माझ्याकडे ये."

"तो तसा वाईट नाही गं," ही म्हणायची. "खोटं बोलतो तो आकडा, आणि मार मला बसतो."

हे ती ताईची समजूत घालायला म्हणत नव्हती. तिला ते मनापासून पटलेलं होतं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

मग ऑफिसच्या कामाने नवरा दोन दिवस बाहेरगावी गेला. निघताना आकडा होता चौसष्ट. तो रस्त्याला लागल्याबरोबर तिने लॅपटॉप धुतलेल्या चादरीत गुंडाळला आणि दुरुस्तीवाल्याचं दुकान गाठलं.

त्याने बराच वेळ तपासलं. "बॅटरी म्हातारी झालीये बाई, पण लॅपटॉपला ती अजून तरुणच वाटते. तो नुसता अंदाज बांधतो, म्हणून आकडा मध्येच गडगडतो. शिवाय झाकण मिटलं तरी हा झोपेत खातच राहतो." झाकण मिटलं की पूर्ण बंद व्हावा आणि उघडलं की आपोआप चालू व्हावा, अशी त्याने सेटिंग बदलून दिली. "आता घरी नेऊन शंभरपर्यंत भरा. मग चालू ठेवून पार संपू द्या, आपोआप बंद पडेपर्यंत. थोडा वेळ तसाच ठेवा आणि मग मध्ये न काढता पुन्हा शंभर करा. म्हणजे बॅटरीत किती जीव उरलाय ते त्याला कळेल." तिच्या ओठावरच्या खपलीकडे बघत त्याने विचारलं, "एवढा नेमका आकडा कशाला हवाय?"

"घरी बरं पडतं," ती म्हणाली.

तिने रजा टाकली आणि तापलेल्या पोराजवळ बसावं तशी लॅपटॉपजवळ बसली. भरला, संपवला, पुन्हा भरला. दुसऱ्या दिवशी दुपारी चालू ठेवून आकडा उतरू दिला आणि चौसष्टला झाकण मिटलं. तासाभराने उघडून पाहिलं. चौसष्ट! तिला इतका आनंद झाला, की सासूलाही तिने न मागता चहा नेऊन दिला.

संध्याकाळी नवरा आला. खांद्यावरची बॅग न उतरवता त्याने झाकण उघडलं. चौसष्ट. तो बघत राहिला. संशय फिटला म्हणून माणसाने सुटकेचा श्वास टाकावा, तर गडी चक्क हिरमुसला. त्याची नजर खोलीभर फिरली आणि एका जागी थांबली.

"टॉवेल खुर्चीवर का?"

ती काही बोलायच्या आत पट्टा पाठीवर बसला. मग मानेवर, मग तोंडावर. इतकं त्याने पूर्वी कधीच मारलं नव्हतं. ती पडली, तेव्हा त्याने तोच लॅपटॉप उचलून तिच्या खांद्यावर हाणला. ती बघत होती त्याच्या चेहऱ्याकडे. तो आता समाधानी दिसत होता.

पट्टा पुन्हा वर गेला, तेव्हा तिने ते मनगट धरलं आणि ओल्या चादरीसारखं पिळलं. हाड मोडल्याचा आवाज आला. तो गुडघ्यावर आला. तिने त्याच्या नाकावर ठोसा हाणला, रक्त आलं, आणि तिला बरं वाटलं. दुसरा ठोसा हाणायला मूठ उचलली आणि त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली. तिने हात खाली घेतला आणि अनवाणीच बाहेर पडली.

ताईने दार उघडलं. समोर फाटलेली बाही, सुजलेला डोळा, रक्ताने माखलेली मूठ.

"अगं, काय झालं?"

"आकडा बरोबर आला ताई," ती म्हणाली. "अगदी बरोबर आला. तरी मारलं."