रिकामं काडतूस

दस्तगीर उस्ताद चांदमारीवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाला, कुणालाच आपलं रिव्हॉल्व्हर आपल्या हातानं भरू द्यायचे नाहीत. पाठ फिरवून स्वतः भरायचे आणि सहा काडतुसांत एक आधीच उडवलेलं, रिकामं घालायचे. कितवं, ते त्यांनाच ठाऊक. त्या रिकाम्यावर नुसतं ‘टक्’ व्हायचं आणि आपलं पितळ उघडं पडायचं. बार झालेला नसतानाही झटक्याच्या धास्तीनं नळी खाली झुकलेली असायची.

“झटका म्हंजे पाव्हणा,” ते म्हणायचे. “यायचा तवा यील, जायचा तवा जाईल. तू आदीच दार उघडून का हुबी?”

मी सांगलीकडच्या उसाच्या गावातली. सत्तरच्या दशकात साताऱ्यात पोलीस शिपाई झाले, तेव्हा आम्ही तिघीच बायका होतो. उस्ताद फौजेतून आलेले, एका कानानं बहिरे. नको तो हुकूम आला की नेमका तोच कान साहेबांकडे करायचे. मला रोज सकाळी पाण्यानं भरलेला तांब्या हात लांब करून धरायला लावायचे. पाणी हिंदकळलं की पुन्हा पहिल्यापासून. खांदा भरून यायचा, डोळ्यांत पाणी यायचं. मला त्यांचा भयंकर राग येई. मग एके दिवशी बार झाला, नळी उसळली आणि आपसूक परत काळ्या ठिपक्यावर येऊन बसली. उस्ताद नुसतं “हं” म्हणाले. त्या एका ‘हं’वर मी आठवडाभर हवेत होते.

पुढे नवे साहेब आले. चांदमारीच्या यादीत नाव असेल त्यालाच हत्यारी पहारा मिळायचा. नाहीतर जन्मभर जत्रेत बायकांच्या रांगा लावायच्या. साहेबांनी सगळ्यांदेखत यादी हातात घेतली.

“उस्ताद, बायकांची नावं काढा. त्यांना झटका सोसत नाही. काडतुसं फुकट जातात.”

त्या दिवशी उस्तादांनी चांगला कान पुढे केला. “व्हय साहेब. पन नेम सगळ्यास्नी एकच लावू. ज्याची नळी झुकंल त्याचं नाव जाईल. पयलं तुमी.”

साहेब हसून पुढे झाले. दोन बार झाले, तिसऱ्याला टक्. नळी पार मातीकडे वळली. कुणी हसलं नाही. हसायची छाती नव्हती.

मग मी. चार बार, पाचवं टक्. नळी जागच्या जागी.

उस्तादांनी यादी घेतली, कानामागची पेन्सिल काढली आणि शांतपणे सगळ्यात वरचं साहेबांचं नाव खोडलं.

आठवड्यात उस्तादांची बदली झाली, पाटणकडच्या एका चौकीवर. तिथं चांदमारीच नव्हती. एसटी स्टँडवर मी रडायला लागले. “उस्ताद, माझ्यापायी झालं हे.”

“यादीत नाव ऱ्हायलं का तुजं?”

“राहिलं.”

“फुडची चांदमारी कवा?”

“सोमवारी.”

त्यांनी ट्रंक गाडीत ढकलली, पायरीवर चढले आणि बहिरा कान माझ्याकडे केला. “मग जा की. तांब्या भरून ठेव.”