पत्र्याखालची लोकर

खुटबावचा संपत कोकरे बारा वर्षं एकच काम करत होता. कारखान्यांतल्या वाफेच्या पाइपांना रॉकवूल गुंडाळायचं, वरून पत्रा मारायचा. दगड वितळवून काढलेली ही लोकर. उष्णता अडवते, पण उघड्या अंगाला लागली की टोचते. म्हणून बाह्या मनगटाशी बांधायच्या, तोंडाला टॉवेल लावायचा, घरी आल्यावर आधी अंघोळ करायची, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये शिरूरकडच्या एका कंपनीतलं काम संपलं आणि सुपरवायझरनं उरलेले तुकडे त्याला नेऊ दिले. घराच्या मागं त्याच्या आईची, कुशाबाईची, पत्र्याची खोली होती. उन्हाळ्यात दुपारी आत बसवत नसे. संपतनं एका रविवारी पत्र्याखाली तारा ओढल्या, त्यांवर लोकर बसवली. खालून कापड लावून ती बंद करायला हवी होती. ते पुढच्या रविवारी करू, म्हणून राहिलं ते राहिलंच.

खोली खरंच गार झाली. शेजारचे दोघं-तिघं बघून गेले. "आमच्याबी घराला कर की," म्हणाले. संपतची छाती फुगली.

पंधरा दिवसांत कुशाबाई अंग खाजवू लागली. मान, दंड, पोटऱ्या लाल झाल्या. घसा खवखवायचा, डोळे चुरचुरायचे. संपतची बायको राजश्री म्हणाली, "आत्याबाईंना खरूज झाली. पोरांना लागायच्या आधी बघायला पायजे." तिनं मेडिकलमधून मलम आणलं. सासूचं ताट, तांब्या, अंथरूण वेगळं केलं. तिचं चुकलं असं कोणी म्हणालं नसतं. कुशाबाई भाकरी थापायला चुलीपाशी यायची ती आपणहून यायची बंद झाली.

एका सकाळी आईची गोधडी उन्हात टाकताना संपतला तिच्यावर बारीक धागे चमकताना दिसले. कामावरच्या कपड्यांवर ते त्यानं हजार वेळा झटकले होते. क्षणात सगळं ध्यानात आलं. राजश्री मागंच उभी होती.  कामातला मिस्त्री म्हणवणाऱ्यानं स्वतःच्या आईच्या डोक्यावर उघडी लोकर टांगली, हे कसं बोलायचं? गोधडी झटकून तो कामाला निघून गेला.

मेमध्ये पाटसला त्याच्या बहिणीच्या, भिमाच्या, मुलीचं लग्न होतं. हर्षदा म्हणजे कुशाबाईची पहिली नात. निघायच्या दिवशी कुशाबाई खोलीच्या दारात बसून राहिली.

"आई, आवर की. जीप आलीय."

"म्या न्हाई येत. ह्या हातानं पोरीला हळद लावू व्हय?"

 संपतनं एवढं सांगितलं असतं तरी सगळं मिटलं असतं, की ही खरूज न्हाई, तुझ्या हातात काही दोष न्हाई. जीपवाल्यानं हॉर्न दिला आणि तो जाऊन बसला. मांडवात भिमानं तीनदा विचारलं, "आई का न्हाई आली?" त्यानं सांगितलं, तिला बरं न्हाई.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी तो आईला घेऊन यवतच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी हात बघितले.

"घरात आणखी कुणाला खाज?"

"न्हाई."

"दोन महिन्यांत कुणालाच नाही? मग खरूज कशी? ही झोपते कुठं?"

तेव्हा संपतनं सांगितलं. आईसमोर, एका दमात. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "ते धागे कातडीत रुततात, घशात जातात. अ‍ॅस्बेस्टॉससारखं ते घातक नाही, घाबरू नका. काढून टाका, खोली ओल्या फडक्यानं पुसा, कपडे वेगळे धुवा. नीट झाकून बसवलं असतं तर काहीच झालं नसतं."

एसटीची वाट बघत दोघं फाट्यावर बसले.

"तुला कवा कळलं?" कुशाबाईनं विचारलं.

"लग्नाच्या आधी."

तिनं आपले हात उलटसुलट करून बघितले. "मला वाटलं, माझ्याच अंगात कायतरी घाण शिरली," एवढंच म्हणाली.

घरी येऊन संपतनं तोंड बांधलं, लोकरीवर पाणी शिंपडलं आणि सगळे तुकडे पोत्यांत भरले. राजश्रीला खरं सांगितलं. ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. सासूचं अंथरूण मात्र तिनं त्याच संध्याकाळी पुढच्या घरात आणलं. तीन आठवड्यांत कुशाबाईचं अंग साफ झालं.

मग तो तिला घेऊन पाटसला गेला. भिमाच्या ओसरीवर, तिच्या सासरच्या माणसांसमोर त्यानं सांगितलं, की आईला खरूज नव्हती, चूक माझी होती. भिमाचा सासरा म्हणाला, "झालं गेलं, आता काय त्याचं."  भिमानं आत जाऊन लग्नाचे फोटो आणले आणि आईच्या मांडीवर ठेवले. कुशाबाई एकेक फोटो डोळ्यांजवळ धरून बघू लागली. संपतला तिथं बसवेना. चपला घालून तो अंगणात जाऊन उभा राहिला.