वाढव त्याले

भनपुरीच्या लोखंडाच्या गोदामात ट्रक तोलायचा काटा आहे, तिथं वनमाला बसते. दुपारी तिथली हवा बारीक धुळीनं तांबूस होते, डोळे आपोआप जड होतात. पूर्वी तशात ट्रक तोलून झाला की कर्ण्यातून एक आवाज येई, "चल भैया, गाडी आगे ले, आराम से." आवाज अच्युतचा. वनमालाचा नवरा, तिच्या आधी याच खुर्चीवर होता. त्यानं हौसेनं कॉम्प्युटरमध्ये स्वतःचा आवाज बसवला आणि मग एका तापात गेला. माणूस गेला, बोलणं राहिलं. वनमाला अर्धे डोळे मिटून ते ऐकत डबा खायची. हिचा संसार अजून चालूच आहे, अशी आम्ही गोदामातले थट्टा करायचो. थट्टा कसली, खरंच होतं ते.

मग मालकानं नवी यंत्रणा घेतली. ती बसवायला पियुष आला, जवळच्याच गुढियारीचा, हिंदी मुलखात वाढलेला मराठी पोट्टा. मराठी समजतं, उत्तर हिंदीत. जुना प्रोग्राम थांबल्याशिवाय नवा सुरू होईना, आणि जुना काही केल्या थांबेना. पियुष बंद करी, तो पुन्हा उठे. पुन्हा बंद, पुन्हा "चल भैया". वनमाला मनातून खूश. देवा, हा कधीच न थांबो.

शेवटी पियुषला उलगडलं. "दीदी, पीछे एक पहरेदार बिठा रखा है. यह गिरता है तो वह उठा देता है. पहले उसे बंद करना पड़ेगा. करूं?"

'बंद कर' वनमालाच्या तोंडून निघेना. आपल्यात दुकानसुद्धा बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतात. ती हळूच म्हणाली, "वाढव त्याले."

शहाण्यानं आवाज वाढवला. पार टोकापर्यंत.

सगळं आवार अच्युतनं भरून गेलं. पत्र्यावरची कबुतरं उडाली, ड्रायव्हर हसायला लागले. वनमाला हसता हसता रडली. "अरे बाबा, वाढव म्हणजे बंद कर! घरी कोणी शिकवलं नाही का तुले?" मग डोळे पुसून म्हणाली, "सरक. मीच वाढवते."

आधी पहारेकरी, मग अच्युत.

काट्यावर एक ट्रक उभा होता. तोल झाला, नव्या यंत्रणेचा हिरवा दिवाही लागला, पण ड्रायव्हर हलेना. तो कर्ण्याकडे बघत हुकमाची वाट पाहत होता. वनमालानं खिडकीतून मान बाहेर काढली.

"चल भैया," ती म्हणाली, "गाडी आगे ले. आराम से."