चुन्याची वर्तुळे

चिंचवड स्टेशनावर उतरलो तेव्हा पावसाने उघडीप दिली होती. चिखल पाहून टांगेवाला यायला तयार होईना, म्हणून निगडीच्या बाजूला पायीच निघालो. तिथे एका नव्या कॉलेजसाठी घेतलेल्या माळावर माझे शाळासोबती प्रा. नेने प्राणिशास्त्र शिकवतात. टिटव्यांची अंडी फुटण्याच्या बेतात आहेत, पाहायला या, असा त्यांचा निरोप होता.

माळ दिसला आणि पायपीट विसरलो. पोटरीएवढे कुसळी गवत, त्यातून सरळ वर चढणारे चंडोल, उताराखाली तळे. तळ्यावर सहा शेकाटे (लांब तांबड्या पायांचे पाणपक्षी) आणि दोन वंचक (ढोकरी बगळे) मोजले. पुढे मोजायला सवड मिळाली नाही.

कारण माळाच्या मधोमध मंडप होता आणि गडी खड्डे खणत होते. वनमहोत्सव! नेने बोडक्या डोक्याने माझ्याकडे धावत आले. कोणाचा पाय पडू नये म्हणून त्यांनी प्रत्येक घरट्याभोवती चुन्याचे वर्तुळ काढले होते. पावसाने धुतले की पुन्हा काढत. अशी अकरा. ते सकाळी तळ्यावर गेले आणि इकडे गड्यांनी सात वर्तुळांत कुदळी घातल्या. उपसलेल्या मातीत मला ठिपकेदार टरफले दिसली. वर टिटव्यांचा आकांत चालला होता.

मी मुकादमाला, धोंडिबाला, खडसावले. तो शांतपणे म्हणाला, "चुना दिसला की खड्डा, सायेब. इहीर आसू द्या न्हाईतर पाया. मास्तरांनी बाभळीच्या काट्या लावायच्या व्हत्या. काट्यात कोन कुदळ मारतंय?"

नेने खाली पाहू लागले. मला त्यांचाही राग आला. पण खरा संताप प्राचार्यांनी आणला. नेन्यांनी घरट्यांबद्दल त्यांना आधीच सांगितले होते, ते मुकादमापर्यंत पोचलेच नाही. आठवे वर्तुळ मंडपासमोर होते आणि तिथे पाहुण्यांच्या हस्ते झाड लावायचे होते.

"अहो, टिटव्या दुसरीकडे घालतील अंडी," प्राचार्य म्हणाले. "ओसाड माळाला सावली नको का?"

"ओसाड? मघापासून मला पाय ठेवायला जागा सापडत नाही."

एवढे बोलून मी चार अंड्यांच्या शेजारी, ओल्या गवतात, धोतरानिशी बसलो. तोवर हार घातलेले पाहुणे आले. प्राचार्य दातओठ खात म्हणाले, "उठा, शोभत नाही हे."

"खणायचे तर माझ्यासकट खणा."

जमलेली कॉलेजची पोरे हसली. धोंडिबाही हसला आणि त्याने न विचारता दहा हात पलीकडे कुदळ मारली. पाहुण्यांनी तिथे गुलमोहर लावला. टाळ्या झाल्या.

मंडपातल्या जिलेबीला मी हात लावला नाही. नेन्यांच्या डब्यातली दशमी खाल्ली. मग दोघांनी बाभळीच्या फांद्या तोडून उरलेल्या चार घरट्यांभोवती रोवल्या. हात रक्ताळले. मंडप उतरल्यावर मंडपासमोरची टिटवी दबकत आली, गुलमोहराकडे बघत थांबली आणि अंड्यांवर बसली.

परतीच्या गाडीत राग निवला असे वाटले होते. पिंपरीजवळ खिडकीबाहेर पाहिले. ओल्या माळावर ताज्या चुन्याच्या रेघा होत्या, रुळांपासून क्षितिजापर्यंत. इथे कारखाने येणार, असे शेजारचा प्रवासी कौतुकाने सांगत होता. मी रेघा मोजू लागलो. खडकी येईपर्यंत त्या संपल्या नाहीत, आणि एवढी बाभूळ कोणाकडे असणार?